विउवर्ट : दोन-अडीचशे वस्तीचं फ्रिशियन गाव, चार ममी आणि एक फसलेला आश्रम

सायकलवाला बापू

राम राम मंडळी. ट्युलिप, पवनचक्क्या आणि चीज सोडून नेदरलँड्सवर कुणीतरी काहीतरी लिहा रे बाबांनो, असा टोमणा मागच्या महिन्यात इथेच खाल्ला होता, तर हा घ्या धागा. आधीच सांगून ठेवतो, फ्रीसलँडला (नेदरलँड्सच्या उत्तरेकडचा प्रांत, तिथले ते फ्रिशियन) हॉलंड म्हणायचं नाही. मी एकदा बोलून गेलो तर समोरच्या आजींनी कप खाली ठेवला आणि पाच मिनिटं माझा भूगोलाचा तास घेतला. त्यांची भाषा वेगळी, झेंडा वेगळा, आणि 'लोणी, पाव, हिरवं चीज' एवढं ज्याला फ्रिशियनमध्ये नीट म्हणता येत नाही तो अस्सल फ्रिशियनच नाही अशी त्यांची जुनी म्हण आहे. मी म्हणून दाखवलं. आजी हसल्या, पण कशाला हसल्या ते मी विचारलं नाही.

तर गावाचं नाव विउवर्ट, डच नकाशावर वीउवर्ड. लेऊवार्डनहून स्नेककडे जाणारी १८८३ सालची रेल्वेलाइन आहे, तिच्यावर मांटखुमला उतरायचं आणि पुढे सायकल. सपाट म्हणजे इतकं सपाट की पुढच्या तीन गावांची चर्चं एकदम दिसतात आणि यातलं आपलं कुठलं तेच कळत नाही. सगळीकडे गवत, गाई, पाण्याचे चर. आणि वारा, जो जाताना पण समोरून असतो आणि येताना पण समोरूनच. मग मध्येच जमीन थोडी वर येते, झाडं दिसतात, चर्च दिसतं, त्याभोवती चार-दोन गल्ल्या. झालं गाव. दुकान वगैरे शोधू नका, डबा बरोबर घ्या.

पण ती जी जमीन थोडी वर येते ना, खरी गंमत तिथून सुरू होते. तो उंचवटा निसर्गाने केलेला नाही, माणसाने रचलेला आहे. याला टर्प म्हणतात. समुद्राला बांध घालायची अक्कल यायच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे इसवी सनापूर्वी पाच-सहाशे वर्षांपासून, ही मंडळी भरतीच्या पाण्यात राहत होती आणि घर वर राहावं म्हणून चिखल, शेण, कचरा, पडक्या घरांची माती असं सगळं थरावर थर टाकत गेली. रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात या किनाऱ्यावरची असली वस्ती पाहिली होती (फ्रिशियनांच्या शेजारची जमात, पण राहणी तीच). त्याने लिहिलंय की भरतीला हे लोक जहाजावरच्या खलाशांसारखे दिसतात आणि ओहोटीला जहाज फुटलेल्यांसारखे. त्याला त्यांची कीव आली होती. आपल्याकडे गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेला पांढरी म्हणतात, साधारण तसलं प्रकरण समजा. नावातलं 'वर्ट' म्हणजेच हा उंचवटा. नकाशात वर्ट, वर्ड, उम असं शेवटी असलेली गावं मोजायला लागा, दमाल.

आता कमाल बघा. हजार-दीड हजार वर्षं शेणमाती खाऊन ही टेकाडं इतकी कसदार झाली की एकोणिसाव्या शतकात लोकांनी ती खणून विकायला काढली, खत म्हणून! होड्या भरभरून माती दुसरीकडच्या हलक्या जमिनीवर टाकायला जायची. साधारण १८४० पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा धंदा जोरात होता. कित्येक टर्प अर्धे कापलेत, चर्च तेवढं कड्यावर उभं राहिल्यासारखं वर राहिलंय. विउवर्टच्या मातीत १८६६ साली सोनं निघालं, सातव्या शतकातली नाणी आणि दागिने, कुणीतरी पुरून ठेवलेले आणि परत न्यायला आलाच नाही. ते आता लायडनच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. म्हणजे गावाची माती गेली एकीकडे आणि सोनं गेलं दुसरीकडे. गावात काय राहिलं? मढी.

हो, मढी. निकोलसच्या नावाचं चर्च आहे, खाली तळघर आहे, वाल्टा नावाच्या जमीनदार घराण्यासाठी १६०९ च्या सुमारास केलेलं. १७६५ साली चर्चमध्ये काम करणाऱ्या सुतारांनी ते उघडलं तर आत ११ प्रेतं, न कुजलेली. कोणी मसाले भरलेले नाहीत, पट्ट्या गुंडाळलेल्या नाहीत, नुसती सुकलेली. आज त्यातली ४ शिल्लक आहेत.

मी गेलो तेव्हा आम्ही तिघंच होतो, मी आणि एक जर्मन जोडपं. तळघर दाखवायला गावातल्याच एक बाई, साठीच्या, हातात किल्ल्यांचा जुडगा. खाली उतरताना डोकं वाकवायला लागतं. आत वास कसलाच नाही, हेच मला विचित्र वाटलं, कारण नाक आपोआप तयारीत होतं. पेट्यांवर काच. कातडी तपकिरी, जुन्या चामड्याच्या पिशवीसारखी, हाडांवर ताणून बसवल्यासारखी. दात आहेत, नखं आहेत. मी चौघांपैकी एकाच्या पायाच्या नखाकडे बघत बसलो, का कोण जाणे, चेहऱ्याकडे बघवलं नाही. आणि मग वर मान केली तर छताला पक्षी टांगलेले, सुकलेले! हवा अजून काम करते का बघायला कुणीतरी टांगले आणि तेही सुकले. मी बाईंना विचारलं ११ चे ४ कसे झाले, तर त्या म्हणाल्या, पूर्वीचे पाहुणे रिकाम्या हाताने जात नसावेत.

लोक एवढं बघतात आणि परत जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की ममी ही या गावातली सगळ्यात कमी इंटरेस्टिंग गोष्ट आहे. खरी गोष्ट वर, त्या झाडीत घडली, तिथे आता बघायला काहीही नाही. ती प्रतिसादात लिहितो, टंकाळा आलाय.

---

खमंग काकडी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!! पण जेवताना वाचलं, चूक झाली.

---

डॉक्टर नाना

छान लिहिलंयस बापू. न कुजण्यामागचं कारण काय सांगतात तिथे? जमिनीतून गॅस येतो वगैरे?

---

सायकलवाला बापू

नाना, बरोब्बर, गॅस आहे, जमिनीतली किरणं आहेत, खनिजं आहेत, वाऱ्याचा झोत आहे, जो तो आपापली थिअरी सांगतो आणि शास्त्रज्ञांचंही एकमत झालेलं नाही. तुमचं काय मत?

---

डॉक्टर नाना

मी डोळ्यांचा डॉक्टर आहे रे, प्रेतांचा नाही :) पण किरणांबिरणांची गरज मला वाटत नाही. कुजायला ओल लागते. पेटी मातीत न पुरता तळघरात मोकळी ठेवली, थंड जागा, आणि हवा सतत हलती राहिली तर जंतूंचं काम होण्याआधी पाणी उडून जातं. आपण मासे, मिरच्या, कैऱ्या सुकवतो तेच. ते पक्षी टांगणं म्हणजे खरं तर चांगला प्रयोग आहे, फक्त शेजारच्या एखाद्या साध्या तळघरातही एक टांगायला हवा होता तुलनेला.

---

खमंग काकडी

कैऱ्या कशाला आणल्या मध्ये नाना :(

---

अनुजा_के

बापू, वाल्टा वाचून एकदम ट्यूब पेटली. हे लाबादीवाले का? मारिया सिबिला मेरिआन तिथे राहिली होती ना? माझी ती प्रचंड आवडती चित्रकार आहे. लवकर लिहा!

---

सायकलवाला बापू

हो अनुजाताई, तेच. बसा आता, लांबण आहे.

जाँ द लाबादी. जन्म १६१०, फ्रान्समध्ये बोर्दोजवळ. आधी जेझुइट, म्हणजे कॅथलिक साधूंच्या एका संघात, मग ते सोडलं, मग कॅथलिक धर्मच सोडून १६५० मध्ये प्रोटेस्टंट झाला, मग जिनिव्हा, मग नेदरलँड्समध्ये मिडेलबर्ग, आणि तिथल्या चर्चशीही भांडण. प्रत्येक ठिकाणी तीच गोष्ट, आधी लोक वेडे व्हायचे याच्या प्रवचनाने आणि मग वरचे लोक वैतागायचे. म्हणणं असं की खरं चर्च म्हणजे फक्त खरोखर पालटलेल्या माणसांचं, बाकी गर्दी काय कामाची. शेवटी त्याने स्वतःचीच मंडळी काढली, एकत्र राहणारी, एकत्र खाणारी. आम्स्टरडॅमला टिकू देईनात, जर्मनीत हेरफोर्डला गेले, तिथून हुसकले, आल्टोनाला गेले, आणि तिथे १६७४ मध्ये हा बाबा वारला. म्हणजे विउवर्टमध्ये लाबादी स्वतः कधी राहिलाच नाही, नाव मात्र त्याचं.

विउवर्टला आले ते १६७५ मध्ये, त्याचे शिष्य. कारण तिथला वाल्टा वाडा फान सोमेल्सडाइक घराण्यातल्या बहिणींच्या मालकीचा होता आणि त्या बहिणी पंथात होत्या. गावाबाहेर झाडीत मोठा वाडा. दीडशेच्या वर माणसं आली, पुढे आकडा काही शेकड्यांवर गेला. आता विचार करा, शे-दोनशे शेतकऱ्यांचं गाव, आणि एके दिवशी शेजारच्या झाडीत फ्रेंच, जर्मन, लॅटिन बोलणारी एवढी माणसं येऊन राहिली, सगळे साध्या जाड्याभरड्या कपड्यांत, दागिना नाही, लेस नाही. लोकर विणायचे, छापखाना होता, औषधी गोळ्या बनवून विकायचे. पैसा सगळा सामाईक, जो येईल त्याने आपलं सगळं आत टाकायचं. मुखिया पिएर इव्हाँ, त्याचा शब्द शेवटचा.

आणि माणसं तरी कसली. आना मारिया फान स्खुर्मान, ही बाई त्या काळी युरोपभर गाजलेली होती, डझनभराहून जास्त भाषा, चित्रं, काचेवर कोरीवकाम, कात्रीकाम. १६३६ मध्ये उट्रेख्त विद्यापीठात बसून शिकली, नेदरलँड्समधली पहिलीच बाई, पण पडद्याआड बसायचं, पोरांना दिसू नये म्हणून. बायकांनी शिकावं का यावर तिने लॅटिनमध्ये निबंध लिहिला होता, उत्तर अर्थात हो. ही सगळी कीर्ती सोडून साठी ओलांडल्यावर ती लाबादीच्या मागे गेली, जुन्या मित्रांनी डोक्याला हात लावला. १६७८ मध्ये विउवर्टलाच वारली. शेजारच्या फ्रानेकरच्या म्युझियममध्ये तिच्या हातची कामं आहेत, ती बघा, ममींपेक्षा मला तिथे जास्त वेळ थांबावंसं वाटलं.

दुसरा हेंड्रिक फान डेवेंटर, याच मंडळीत डॉक्टर झाला आणि पुढे प्रसूतिशास्त्रातलं मोठं नाव. नाना, तुम्हाला माहीत असेल.

---

डॉक्टर नाना

नाव ऐकलंय, श्रोणीच्या (म्हणजे कमरेच्या हाडांच्या) मोजमापावर मूलभूत काम. तो एका पंथाच्या वाड्यात गोळ्या विकत होता हे आज कळलं.

---

पेठेतला परशा

सगळं वाचलं, छान आहे, पण साधं बोलायचं तर हा बाबाचा आश्रमच ना? पैसा आत टाका, साधे कपडे घाला, बाबाचा शब्द प्रमाण, शिकलेली माणसं जास्त फसतात. चारशे वर्षांत काय बदललं नाय. तुम्ही मंडळी युरोपातलं म्हणून कौतुकाने वाचताय.

---

अनुजा_के

परशा, कौतुक कोण करतंय, पण तुझं जरा घाईचं होतंय. त्या काळात लग्न नकोशा झालेल्या, शिकलेल्या बाईला जायला जागा कुठली होती ते सांग ना. प्रोटेस्टंट देशात मठ पण नाहीत.

मेरिआनचं उदाहरण घे. १६८५ मध्ये नवऱ्याला सोडून दोन मुली आणि आई यांना घेऊन ती विउवर्टला आली, सावत्र भाऊ आधीच तिथे होता. नवरा ग्राफ मागोमाग आला, विनवण्या केल्या, त्याला आत घेतलं नाही. बाहेर राहून वाट बघितली आणि परत गेला. ती आत सहाएक वर्षं राहिली, आणि फ्रिशियन चरांमधल्या बेडकांची अंडी, मग शेपटीवाली पिल्लं, मग पाय फुटलेली, हे सगळं बघून वहीत नोंदवत होती. किडे चिखलातून आपोआप जन्मतात असं अजूनही बरेच लोक मानत होते त्या काळात! भाऊ वारला, १६९० मध्ये आई वारली, आणि १६९१ मध्ये ती मुलींना घेऊन आम्स्टरडॅमला निघून गेली. म्हणजे आली आपल्या पायाने आणि गेली पण आपल्या पायाने. तुझ्या बाबांच्या आश्रमातून कितीजणी अशा बाहेर पडतात?

---

पेठेतला परशा

नवऱ्याला बाहेर ताटकळत ठेवला हे पण कौतुकच का मग :D

बरं ते जाऊदे, मुद्दा मान्य, अर्धा.

---

सायकलवाला बापू

परशा, तुझ्या बाजूने एक साक्षीदार देतो. जॉन लॉक, इंग्लिश तत्त्वज्ञ, तोच, १६८४ मध्ये विउवर्टला बघायला आला होता. त्याला नीट उत्तरंच मिळाली नाहीत, नवख्या माणसाला मोकळेपणी काही सांगायचे नाहीत ते, आणि त्याला जरा ढोंगाचा वास आला होता. उलट त्याच्या आधी १६७७ मध्ये विल्यम पेन आला होता, पेन्सिल्व्हेनियावाला, तो क्वेकर नावाच्या दुसऱ्या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा, त्याला वाटलं आपलीच माणसं आहेत, म्हाताऱ्या स्खुर्मानबाईंना भेटून भारावून गेला. पण एक झाले नाहीत दोन्ही पंथ. लॉक आणि पेन दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील.

आणि सामाईक पैशाचं म्हणशील तर ते स्वतःच मोडलं त्यांनी, १६९० नंतर लगेच. श्रीमंत थोडे, खाणारी तोंडं फार, हिशोब बसेना. ज्याचं त्याला काही प्रमाणात परत दिलं आणि निम्मी मंडळी पांगली. इव्हाँ १७०७ मध्ये गेला, १७३० च्या दशकात शेवटचा दिवा विझला. आज वाडाही नाही. मी त्या जागेवर गेलो, गाई बसल्या होत्या.

---

वसईचा विन्या

सुंदर धागा. पण बापू, तू एक मोठी गोष्ट सोडलीस, मुद्दाम की विसरलास? वसाहती. या पंथाच्या दोन शाखा अमेरिकेत होत्या आणि तिथे यांच्या साधेपणाचं काय झालं ते पण सांग की.

---

सायकलवाला बापू

विसरलो नव्हतो रे विन्या, दमलो होतो. तूच लिही, तुझा विषय आहे.

---

वसईचा विन्या

बरं. आधी उत्तर अमेरिका. १६७९ मध्ये विउवर्टहून दोघांना जागा शोधायला पाठवलं, यास्पर डांकार्ट्स आणि पेटर स्लॉइटर. डांकार्ट्सने प्रवासाची डायरी लिहिली, ती हरवली ती थेट १८६४ मध्ये आम्स्टरडॅमच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली आणि १८६७ मध्ये इंग्रजीत छापली गेली. तेव्हाचं न्यूयॉर्क कसं होतं, दारू कोण पितं, पीच किती पडलेत झाडाखाली, सगळं त्यात आहे, आणि लेखक प्रत्येक पाद्र्याला नावं ठेवतो. शेवटी मेरिलँडमध्ये ३,७५० एकर मिळाले. तिथे गेल्यावर स्लॉइटर मुखिया झाला. विउवर्टला असताना तंबाखू म्हणजे पाप होतं. मेरिलँडमध्ये तंबाखूच लावली, गुलाम ठेवले, आणि स्लॉइटर गब्बर झाला.

आता सुरिनाम, दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत. त्या वाड्याच्या मालकीण बहिणी आठवतात? त्यांचाच भाऊ १६८३ मध्ये सुरिनामचा गव्हर्नर झाला. मग काय, तिकडे पण मंडळी गेली. सुरिनाम नदीच्या वरच्या अंगाला, बाकी मळ्यांच्या पलीकडे, जंगलाला लागून जागा घेतली आणि नाव ठेवलं प्रोविडेन्स, म्हणजे देवाची कृपा. तापाने माणसं पटापट गेली. गव्हर्नरला १६८८ मध्ये त्याच्याच सैनिकांनी बंड करून मारलं. आणि मळ्यावरचे गुलाम, ज्यांना या देवमाणसांनी फार वाईट वागवलं असं त्या काळातल्या लोकांनीच लिहून ठेवलंय, १६९० च्या दशकात जंगलात पळाले.

पुढचं ऐका. सुरिनामच्या जंगलात आजही सारामाका लोक राहतात, पळून गेलेल्या गुलामांचे वंशज, ज्यांनी डचांशी लढून १७६२ मध्ये तह करायला लावला. त्यांच्यात कुळं आहेत आणि कुळाचं नाव बहुतेकदा ज्या मळ्यातून पूर्वज पळाले त्यावरून पडलेलं. त्यातल्या एका कुळाचं नाव आबाइसा. लाबादीवरून. म्हणजे तुमच्या त्या दोन-अडीचशे वस्तीच्या गावातल्या पंथाचं नाव आज जर कुणी रोज तोंडाने घेत असेल तर ते पळून गेलेल्यांचे पणतू-खापरपणतू.

---

पेठेतला परशा

आईशप्पथ. काटा आला.

---

खमंग काकडी

+१ विन्यादादा. हे पहिल्या लेखात पाहिजे होतं, ममीच्या नखांऐवजी.

---

सायकलवाला बापू

काकडी, मान्य. त्या चर्चमधल्या बाईंनी पण हे सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मी तासभर तिथे होतो आणि सगळे प्रश्न मढ्यांबद्दल विचारले.

---

अनुजा_के

विन्या, याला मी एक जोड देते, कारण गोष्ट परत मेरिआनकडे येते.

१६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मेरिआन धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने सुरिनामला गेली, किडे आणि फुलपाखरं बघायला. कुणी पाठवलं नव्हतं, स्वतःची चित्रं विकून पैसे जमवले. आणि तिथे ती नदीने वर वर जात याच प्रोविडेन्स मळ्यावर गेली होती, १७०० साली. दहा वर्षांपूर्वी ज्या लोकांबरोबर विउवर्टला जेवत होती त्यांचा मळा. दोन वर्षांनी तापाने हैराण होऊन परत आली आणि १७०५ मध्ये सुरिनामच्या किड्यांवरचं तिचं मोठं पुस्तक निघालं. प्रत्येक चित्रात अळी, कोष, फुलपाखरू आणि ज्या झाडावर ती जगते ते झाड, सगळं एकत्र, असं आधी कुणी केलंच नव्हतं.

त्यात एका पानावर शंकासुर आहे. आपला शंकासुर, कुंपणाला लावतो तो, लालपिवळा, लांब मिशा बाहेर आलेला. आणि त्याखाली तिने लिहिलंय की इथल्या गुलाम बायका या झाडाच्या बिया खाऊन गर्भ पाडतात, आपली मुलं आपल्यासारखी गुलाम होऊ नयेत म्हणून. हे त्यांनीच मला सांगितलं, असं तिने लिहिलंय. एवढ्या सुंदर चित्राखाली. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

ती स्वतः गुलामांकडून कामं करून घेत होतीच, ते पण त्याच पुस्तकात आहे, लपवलेलं नाही. त्यामुळे परशा, माझं पण अर्धंच मान्य समज.

---

डॉक्टर नाना

अनुजा, शंकासुराबद्दल हे मलाही नवीन. आमच्या गेटला दोन्ही बाजूंनी आहे. कृपया कुणी वाचून प्रयोग करू नका, बिया विषारी असतात.

---

रानातली रमा

इतके दिवस वाचनमात्र होते, या धाग्यासाठी लॉगिन केलं. माझी सासू कोल्हापूरकडची, ती शंकासुराच्या शेंगा मुलींच्या हाताला लागू द्यायची नाही, खेळायला घेतल्या की ओरडायची. कारण विचारलं की म्हणायची, नको म्हटलं ना. आम्ही समजायचो की उगाच सोवळं.

---

अनुजा_के

रमाताई _/\_

---

वसईचा विन्या

बापू, एक शंका राहिली. गाव आता कुणात मोडतं? मी जुन्या नकाशात बार्डेराडेल वाचलं, नव्यात काही वेगळंच दिसतं.

---

सायकलवाला बापू

नगरपालिका सारख्या एकत्र करतात रे तिथे. १९८४ पर्यंत बार्डेराडेल, मग लिटेन्सरादील, आणि २०१८ पासून ती पण मोडून विउवर्ट सूदवेस्ट-फ्रिस्लानमध्ये टाकलं आणि मांटखुम स्टेशन मात्र लेऊवार्डन शहराच्या हद्दीत गेलं. म्हणजे आपण उतरतो एका हद्दीत आणि मढी दुसऱ्या. गावकऱ्यांना विचारलं तर ते सरळ आपल्या गावाचं नाव सांगतात, पालिकेचं नाही.

---

पेठेतला परशा

मी सप्टेंबरात लेकाकडे आइंडहोवनला येतोय. एका दिवसात होईल का हे विउवर्ट? ममी नाही, गाई बसतात ती जागा बघायचीय.

---

सायकलवाला बापू

एका दिवसात होईल पण पहाटे निघ, देश छोटा असला तरी आइंडहोवन एकदम दुसऱ्या टोकाला आहे. आधी फ्रानेकर कर, स्खुर्मानबाईंची कात्रीकामं बघ, मग लेऊवार्डनवरून मांटखुम. तळघर थंडीत बंद असतं, सप्टेंबरात आधी चौकशी कर. सायकल भाड्याने लेऊवार्डनलाच घे, मांटखुमला मला काही दिसलं नव्हतं. मी पण येतो, तारीख सांग. या वेळी त्या बाईंना मढ्यांबद्दल एकही प्रश्न विचारणार नाही, आबाइसांबद्दल विचारणार आहे.

---

खमंग काकडी

वारा समोरून असेल, स्वेटर घाला काका.